आधी बायोस उघडा
सिल्व्हर मॉलमधून नवी एम-टू एसएसडी (पट्टीच्या आकाराची स्टोरेज डिस्क) आणून लॅपटॉपमध्ये बसवली, पण विंडोजमध्ये दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) बघा. तिथे एसएसडीचं नाव असेल तर काळजी नको: विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करा, जीपीटी ही विभागणीची पद्धत निवडा, न्यू सिंपल व्हॉल्यूम बनवा. (डेटा असलेली जुनी डिस्क असेल तर इनिशियलाइजला हात लावू नका.)

बायोसमध्येही नसेल तर पट्टीच्या खाचा मोजा. दोन असतील तर ती बहुधा साटा (डेटा नेण्याची जुनी, संथ पद्धत) आहे. फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) चालवणाऱ्या स्लॉटमध्ये ती चपखल बसते, पण लॅपटॉप तिला ओळखतच नाही! बदलूनच आणा. एकच खाच असेल तर बॅटरीचा कनेक्टर काढा, पट्टी तिरकी धरून सोनेरी दाते पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू नसला की पट्टी उचलली जाते आणि संपर्क तुटतो.