वनरक्षकाचे काम प्रत्यक्षात कसे असते? पुतणीची निवड झाली आहे

धरमपेठकर

नमस्कार. माझ्या पुतणीची वनरक्षक पदावर निवड झाली असून प्रशिक्षणानंतर तिला रामटेक किंवा उमरेड भागात नेमणूक मिळण्याची शक्यता आहे. घरात आनंद आहे, पण काळजीही तितकीच आहे. आम्हा मंडळींचा जंगलाशी संबंध पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवरून जिप्सीत बसण्यापुरता, त्यामुळे खाकी गणवेशातील ही माणसे उरलेला वेळ काय करतात याची आम्हाला फारशी कल्पना नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. ती बातमी वहिनींच्या मनातून अजून गेलेली नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की रोजच्या कामाचे स्वरूप काय असते, वनरक्षकाला पोलिसांसारखे अधिकार असतात का, आणि वाघ किंवा बिबट गावात आला तर तिने नेमके काय करायचे असते?

निवृत्त वनपाल

वाघाची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तरीही वनरक्षकाची झोप मोडते ती बहुतेक वेळा माणसांमुळे, आणि हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेले बरे.

प्रत्येक वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते, ज्याला सगळे बीट म्हणतात. काही बीट मिळून वनपालाचे परिमंडळ होते आणि त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी असतो. बीटची पायी गस्त हा कामाचा पाया आहे. व्याघ्र प्रकल्पात ही गस्त मोबाइलवरच्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत नोंदली जाते, त्यामुळे कोण कुठून चालले हे नकाशावर दिसते. उन्हाळ्यात पाणवठे तपासणे फार महत्त्वाचे असते. काठावर मेलेले पक्षी किंवा बेडूक दिसले, तर पाण्यात कोणी युरिया किंवा कीटकनाशक कालवले असावे असा संशय धरूनच पुढची पावले उचलावी लागतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. मोहाची फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची जुनी सवय आहे. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. उपग्रहावरून आगीची सूचना आता मोबाइलवर येते, पण आग विझवायला पायीच जावे लागते, आणि पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा बाजूला उडवत आगीची वाट तोडण्यात अख्खी दुपार जाते. याच दिवसांत पहाटे मोह वेचायला बसलेल्या बाया वाकलेल्या असतात, उंचीने जनावरासारख्या दिसतात आणि हल्ल्याला बळी पडतात. त्यामुळे कोणत्या भागात वाघाचे ताजे ठसे आहेत हे आदल्या संध्याकाळी गावात सांगणे, घोळक्याने जा आणि आवाज करत राहा असे बजावणे, हेही वनरक्षकाचेच काम आहे. जीव वाचवणारे हे काम कोणत्याही अहवालात ठळकपणे दिसत नाही, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

तिसरी गोष्ट विजेच्या तारेची. रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात म्हणून काही शेतकरी, आणि मांसासाठी शिकारी, वीजवाहिनीवर आकडा टाकून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उघडी तार सोडतात. बांबूच्या लहान खुंट्या, त्यांवर अडकवलेली काचेची बाटली किंवा प्लास्टिकचा तुकडा, आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली बारीक बाइंडिंग वायर, एवढाच हा सापळा असतो. अंधारात ती तार टॉर्चच्या उजेडातही चटकन दिसत नाही आणि गस्तीवरच्या माणसालाही तितकीच घातक असते. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ 2017 मध्ये नागभीड परिसरात अशाच प्रवाहाने मेला. रात्री एखादा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) कारण नसताना ट्रिप होऊन बंद पडला, तर महावितरणच्या उपकेंद्राने लगेच वनरक्षकाला कळवावे आणि दोघांनी मिळून लाइन तपासावी, ही पद्धत जिथे मनापासून पाळली जाते तिथे तारा सापडतात. पुतणीला सांगा की बीटवर रुजू झाल्यावर उपकेंद्रातील ऑपरेटरशी ओळख करून घेणे हे तिच्या पहिल्या कामांपैकी एक असावे.

सदर कोर्टवाला

अधिकारांच्या प्रश्नावर लिहितो. वनरक्षक पोलीस नाही, पण अधिकारहीनही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 50 नुसार वनाधिकारी, आणि त्यात वनरक्षकही येतो, झडती, जप्ती आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मात्र अटक केलेल्या व्यक्तीला विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 52 आणि 64 मध्ये वनगुन्ह्यांसाठी जप्ती व अटकेच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची 1 मधील, म्हणजे वाघ-बिबटासारख्या, प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम दहा हजारांवरून पंचवीस हजार रुपये झाली.

खरी अडचण न्यायालयात येते. वन्यजीव गुन्ह्यात पोलिसांसारखे दोषारोपपत्र नसते, तर कलम 55 खाली अधिकृत अधिकाऱ्याने तक्रार दाखल करावी लागते, आणि तिचा सगळा डोलारा वनरक्षकाने घटनास्थळी लिहिलेल्या प्राथमिक गुन्हा अहवालावर, पंचनाम्यावर व जप्तीनाम्यावर उभा असतो. कातडे किंवा मांस कुठे सापडले, कोणत्या पंचांसमोर सीलबंद केले, नमुना हैदराबाद किंवा देहरादूनच्या प्रयोगशाळेकडे जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात होता, यांतील एक दुवा निसटला तरी बचाव पक्षाला पुरते. मी स्वतः बचाव पक्षाकडून उभा राहिलेलो आहे, त्यामुळे आम्ही प्रथम काय पाहतो ते सांगतो: पंचनाम्यावरची वेळ आणि जप्तीनाम्यावरची वेळ एकमेकांशी जुळते की नाही. पुढे आरोपीसमक्ष साक्षीपुरावा नोंदवून तो न्यायालयात ग्राह्य ठरवण्याची कलम 50 (8) व (9) मधील सोय सहाय्यक वनसंरक्षक आणि त्यावरील दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यांसाठी आहे, पण त्यांनाही आधार लागतो तो त्या पहिल्या कागदांचाच. आपल्या पुतणीचे अक्षर आणि घड्याळ दोन्ही नीट असू द्यात, एवढेच मी म्हणेन.

देवलापारचा शेतकरी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण आमच्या गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलात मी आहे. वाघ शेतात दिसला की वनरक्षक येण्याआधी आम्ही पोहोचतो, आणि आमचे काम वाघाला हाकलण्याचे नसून लोकांना मागे ठेवण्याचे असते. वनरक्षकाच्या हातात त्या वेळी काठी, शिटी आणि असलाच तर भोंगा असतो. वाघाला मारण्याची परवानगी वन्यजीव अधिनियमाच्या कलम 11 नुसार केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला असेल आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल तेव्हाच. बेशुद्ध करण्याचे काम पशुवैद्यकाचे आहे. इंजेक्शन लागल्यावर जनावर लगेच कोसळत नाही, ते काही मिनिटे सैरभैर धावते, आणि त्या मिनिटांत भोवती हजारभर माणसे मोबाइल घेऊन उभी असतील तर काय होईल याची कल्पना करावी. म्हणून आधी जमाव हटवायचा, गरज पडली तर जिल्हा प्रशासनाकडून जमावबंदीचा आदेश घ्यायचा, कॅमेरे लावायचे आणि जनावराला परतीची वाट मोकळी ठेवायची.

हे फक्त खेड्यातले आहे असे शहरवासीयांनी समजू नये. 2019 मध्ये मिहानमध्ये वाघ आला होता आणि 2021 मध्ये गायत्रीनगरात बिबट. असा प्रसंग आल्यास वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावावा आणि गच्चीवरून दगड मारू नयेत.

आमच्या भागातील आणखी एक काम सांगतो, ज्याबद्दल पर्यटकांना काहीच ठाऊक नसते. तोतलाडोह जलाशयातली चोरटी मासेमारी हा पेंचचा फार जुना तंटा आहे. 1997 साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि मध्य प्रदेश शासनाने आदिवासींना दिलेल्या 305 परवान्यांना न्यायालयाने छायाचित्राचे ओळखपत्र, रोजच्या मासळीची नोंद, बेटांवर न उतरणे, काठावर आग न पेटवणे अशा अटी घातल्या होत्या. विनापरवाना जाळी टाकणारे मात्र रात्री येतात, आणि होडीतून गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दगडफेक व हल्ले झालेले आहेत. विस्थापनामुळे ज्यांची रोजी गेली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु त्याचा राग तुटपुंज्या पगाराच्या वनरक्षकावर निघणे मला पटत नाही.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहिनींना हे सर्व वाचून दाखवले. आता त्यांचा एकच प्रश्न उरला आहे की मुलीला एकटीने फिरावे लागते का, आणि राहण्याचे काय?

बीटवरची ताई

मी नोकरीत आहे म्हणून हे उत्तर मीच देते. भरतीत महिलांसाठी चार तासांत 16 किलोमीटर चालण्याची चाचणी असते, ती आपल्या पुतणीने पार केली म्हणजे पायांची काळजी नको. गस्तीवर एकटीने जाऊ नये हा नियम आहे आणि सोबत वनमजूर असतो. मात्र अनेकदा एकाच बीटवर एकच मजूर असतो व तो रजेवर गेला की प्रश्न उभा राहतो. अशा वेळी शेजारच्या बीटबरोबर संयुक्त गस्त ठरवून घ्यावी आणि ती वनपालांना लेखी कळवावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

नेमणूक व्याघ्र प्रकल्पात मिळते की प्रादेशिक विभागात, हे आधी विचारून घ्या. प्रकल्पात संरक्षण कुट्या, वायरलेस आणि विशेष व्याघ्र संरक्षण दलाची साथ असते. उमरेडसारख्या प्रादेशिक परिक्षेत्रात वाघ तेवढेच खरे असतात, पण साधने कमी आणि गावे जास्त. माझ्या मते अवघड नोकरी तीच आहे आणि तिच्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. शासकीय क्वार्टर असेल तर रुजू होण्यापूर्वी घरच्यांपैकी कोणीतरी जाऊन पाणी, दाराची कडी आणि मोबाइलची रेंज पाहून यावे. रेंज नसेल तर वायरलेस संच कोणाकडे आहे ते विचारावे. क्वार्टर राहण्यासारखे नसल्यास गावातच खोली घ्यावी. गावात राहिल्याने तार कोणी लावली, बाहेरची माणसे कोणाकडे उतरली, हे चहाच्या टपरीपेक्षा आधी शेजारच्या काकूंकडून कळते.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. प्रशिक्षणाला जाताना पायातले बूट नवे न देता आधी महिनाभर घरी वापरलेले द्यावेत.