सहाव्या महिन्यात वजन पुरेसे वाढत नाही, काय करावे?

प्रश्न:
माझ्या धाकट्या जाऊबाईंना सहावा महिना सुरू आहे. उंची 153 सेंटीमीटर. दिवस राहिले तेव्हा वजन 42 किलो होते, आता 46 आहे, आणि गेल्या महिन्यात जेमतेम अर्धा किलो वाढले. उपकेंद्रातला काटा आणि घरचा काटा यांत सव्वा किलोचा फरक पडतो. त्यातच, बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल म्हणून बेतानेच खावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर 1 (आरोग्यसेविका):
काटा कोणताही वापरा, पण दर वेळी तोच वापरा आणि चपला काढून वजन करा, कारण आपल्याला एका दिवसाचा आकडा नव्हे, तर महिन्यागणिक होणारी वाढ पाहायची असते. पहिल्या तीन महिन्यांनंतर दरमहा साधारण 2 किलो वाढ अपेक्षित असते. शिवाय त्यांचे मूळ वजनच उंचीच्या मानाने कमी आहे (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सुमारे 18), आणि अशा स्त्रीसाठी 2009 च्या अमेरिकी शिफारशींत संपूर्ण गरोदरपणात 12.5 ते 18 किलो वाढ सांगितली आहे. म्हणून अर्धा किलो ही काळजीचीच बाब आहे. बेताने खाल्ल्याने बाळंतपण सुकर होईल याची खात्री नाही. बाळ मात्र अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांची काळजी मनापासूनची आहे. पोटावर दाब येत असल्याने एका वेळी जास्त जेवण जात नसेल, तर भाकरी-वरण, अंडे, शेंगदाण्याचा लाडू असे थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि बाळाची वाढ डॉक्टरांकडून पाहून घ्या.

उत्तर 2:
मी इंग्लंडमध्ये राहते. इथे सुरुवातीला उंची-वजन घेतात, पुढे प्रत्येक तपासणीत घेतातच असे नाही. मग याची खरोखर गरज आहे का?

उत्तर 3 (आरोग्यसेविका):
जिथे अनेक मुली मुळातच अशक्त असताना गरोदर राहतात, तिथे माता-बाल संरक्षण कार्डावरील वजनाची नोंद ही कुपोषण वेळीच ओळखण्याची सर्वांत स्वस्त खूण आहे, म्हणून ती सोडू नये. उलट बाजूही ध्यानात असू द्या: महिन्यात 3 किलोंहून अधिक वजन वाढले, तर जुळी बाळे, मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांची शंका घ्यावी लागते. त्यासोबत चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.