पाळी थांबल्यानंतर वाढणारी गर्भाशयाची गाठ : नमुना स्वच्छ आला तरी शंका घ्यावी का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ६१ असून त्यांची पाळी थांबून दहा वर्षे झाली आहेत. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, आहे हे पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र गेल्या वर्षी चार सेंटिमीटरची असलेली ही गाठ आता सात सेंटिमीटरची झाली असून, तिच्या आत द्रवासारखा भाग दिसत असल्याचे सोनोग्राफीच्या अहवालात लिहिले आहे. मधूनमधून रक्तस्राव होतो. क्युरेटिंग करून, म्हणजे आतले अस्तर खरवडून, त्याचा नमुना तपासला, त्यात कर्करोग आढळला नाही. आता दुर्बिणीतून गाठीचे तुकडे करून ती काढावी, असा सल्ला मिळाला आहे. नात्यातल्या एका परिचारिकेने सार्कोमाचे (स्नायूसारख्या ऊतींतील कर्करोगाचे) नाव घेतल्यापासून घरात सर्वांनाच काळजी लागली आहे. सासूबाईंना पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि पाच वर्षे टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू होत्या, हेही नोंदवते.

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, अलकापुरी)

ताई, शंका अवश्य घ्यावी. क्युरेटिंगमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा नमुना मिळतो. लायोमायोसार्कोमा हा सार्कोमाचा प्रकार मात्र स्नायूच्या भिंतीत वाढतो, त्यामुळे तो अस्तरापर्यंत पोचला नसेल तर नमुना स्वच्छच येणार. तो अहवाल चुकीचा नाही, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. टॅमॉक्सिफेनचा उल्लेख आपण शेवटी केला आहे, तो मी सर्वांत वर लिहिला असता, कारण या औषधानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचा आणि क्वचित सार्कोमाचाही धोका वाढतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि फायब्रॉइड साधारणपणे आकसतात. हॉर्मोनच्या गोळ्या चालू नसताना एखादी गाठ वाढू लागली, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे.

तुकडे करण्याविषयी स्पष्टच लिहितो. गाठ सार्कोमाची निघाली आणि तिचे तुकडे पोटातच यंत्राने केले गेले, तर पेशी पोटभर विखुरतात आणि गर्भाशयापुरता असलेला रोग पसरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा असतो, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या काही पाहण्यांत हे प्रमाण याहून कमी आले, तरी सासूबाईंचे वय आणि पूर्वेतिहास पाहता गर्भाशय अखंड बाहेर काढण्याचाच आग्रह धरावा.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, कारेलीबाग)

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र वाचणाऱ्या तरुण भगिनींनी घाबरू नये. पाळी चालू असताना फायब्रॉइड भराभर वाढणे हे एकट्याने सार्कोमाचे लक्षण ठरत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगाने वाढलेल्या गर्भाशयासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७१ स्त्रियांपैकी केवळ एकीला सार्कोमा निघाला.

आपल्या सासूबाईंची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेआधी ओटीपोटाचा एमआरआय करून घ्यावा, तोही कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले औषध, ज्याने चित्र स्पष्ट होते) आणि डिफ्यूजन (ऊतीतील पाण्याची हालचाल दाखवणारी चित्रे) यांसह. कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. साधा फायब्रॉइड एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रांत बहुधा काळसर आणि रेखीव कडांचा दिसतो, तर कडा अस्पष्ट असणे, आत रक्तस्राव किंवा मृत भाग असणे आणि डिफ्यूजनमध्ये अडथळा दिसणे या गोष्टी एकत्र आल्या की शंका बळावते. पण झिजलेला साधा फायब्रॉइडही असा दिसू शकतो, म्हणून एमआरआयवरून निदान पक्के करता येत नाही. एलडीएच या रक्ततपासणीची थोडी मदत होते. सीए-१२५ या रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नये. शंका बळावल्यास छातीचा सीटी स्कॅन करावा, कारण हा रोग फुप्फुसांत लवकर जातो, आणि शस्त्रक्रिया स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञाच्या हातून व्हावी. त्यासाठी अहमदाबादला असारवा येथील सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे.

उत्तर (मांजलपूर)

माझ्या थोरल्या बहिणीची गाठ काढल्यावर पहिल्या अहवालात ती साधी की घातक हे निश्चित सांगता येत नसल्याचे लिहिले होते. तेव्हा आम्ही प्रयोगशाळेतून स्लाइड आणि ब्लॉक मागून घेतले. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या डबीवर बसवलेली मेणाची छोटी वडी असते. तिच्यात ऊतीचा तुकडा असतो आणि कडेला केस क्रमांक असतो. तो क्रमांक अहवालाशी ताडून मगच सही करावी आणि ब्लॉक उन्हापासून जपावेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्याच ब्लॉकवर विशेष रंग देऊन आणखी तपासण्या होऊन लो-ग्रेड स्ट्रोमल सार्कोमा (सार्कोमाचा हळू वाढणारा प्रकार) असे निदान झाले. त्या आजारात हॉर्मोन रोखणारे औषध चालते आणि लायोमायोसार्कोमाचे उपचार निराळे असतात, म्हणून नाव अचूक कळणे आमच्यासाठी फार मोलाचे ठरले.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. एमआरआयची वेळ घेतली असून शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलली आहे. सुईने गाठीचा तुकडा आधीच काढून पाहता येणार नाही का?

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, अलकापुरी)

पोटातून सुई घालणे सहसा टाळतात. पेशी सांडण्याची भीती असते, शिवाय सुईला लागलेला भाग नेमका घातकच असेल याची खात्री नसते. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहतो : पेशींचे विद्रूप होणे, त्यांच्या विभाजनाची संख्या आणि गाठीतील विशिष्ट प्रकारचा मृत भाग. यांपैकी एखादी गोष्ट गाठीच्या एकाच कोपऱ्यात असू शकते, म्हणून शंकास्पद गाठीतून दर सेंटिमीटरमागे निदान एक तरी नमुना घ्यावा लागतो. नमुन्यासोबत जाणाऱ्या फॉर्मवर पाळी थांबल्याचे वर्ष, टॅमॉक्सिफेनचा काळ, दोन्ही सोनोग्राफींतील आकार आणि 'सार्कोमाची शंका' हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. निव्वळ 'फायब्रॉइड' एवढेच लिहून आलेल्या गाठीतून अनेकदा मोजकेच नमुने घेतले जातात.