अनुभव धागा: तुमचं पिस्तूल कधी अडलं, का अडलं?

पिस्तुलाचा परवाना हाती आला की नागपुरातले ओळखीचे लोक मला एकच विचारतात: कुठलं घेऊ? तोवर बहुतेकांचे परदेशी व्हिडिओ पाहून झालेले असतात. त्यांतली पिस्तुलं असतात 9 एमएमची, आणि आपल्या शस्त्र कायद्यात 9 एमएम हा निषिद्ध बोअर (नळीचा आतला व्यास). साध्या परवान्यावर आपल्याला मिळतं ते .32, म्हणजे 7.65 एमएम. गोळी वेगळी, यंत्रणाही बहुतेक वेळा वेगळी. आयात 1980च्या दशकात बंद झाली, त्यामुळे परदेशी .32 म्हणजे जुनं, हातोहात फिरलेलं हत्यार. नव्यात इशापूरच्या सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल आणि थोडे इतर देशी पर्याय. तिकडे एका पिस्तुलातून हजारो राउंड झाडून जो निष्कर्ष काढतात, तो आपल्या कपाटातल्या पिस्तुलाला लागू होत नाही. इथल्या मालकांनीच एकमेकांना सांगायला हवं.

माझं मत आधी सांगून टाकतो. पिस्तूल अडतं तेव्हा मी पहिल्यांदा मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) बघतो, मग काडतूस, मग साफसफाई. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. पण हे माझ्या हातून गेलेल्या हत्यारांपुरतं. तुम्ही लिहा: काय होतं, कुठे अडलं, कारण सापडलं का. हत्याराचा नंबर, परवान्याचा तपशील, घरचा पत्ता लिहू नका. विनापरवाना मालाबद्दल इथे एक शब्दही नको.

इतवारीकर

सराफा लाइनीत आमचं दुकान आहे. नवीन देशी .32 घेतलं. कोणाचं ते सांगत नाही, कारण जे निघालं ते एका नगात निघालं. रेंजवर पहिल्याच मॅगझिनला रिकामं केस (काडतुसाचं टरफल) बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, तोंडात उभं फसलं. काढलं, पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. सोबतचे लोक म्हणाले, हात ढिला पडून राहिला तुमचा, मनगट घट्ट धरा. धरलं. फरक शून्य.

रेंजवर एक जुने आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) येतात. त्यांनी आधी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) तपासला, स्लाइड उतरवली, भिंग लावलं आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामं केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखालून टाचणी फिरवली. टोकाला पिवळट, कडक झालेलं ग्रीस आलं. पॅकिंगच्या वेळचं, पेटीतच वाळलेलं. त्या थरामुळे नख केसच्या काठाला पुरतं बसतच नव्हतं. सॉल्व्हंटनं धुतलं, पातळ तेलाचं बोट फिरवून कोरडं पुसलं, आणि त्यानंतर आजपर्यंत एक केस फसलं नाही.

नवीन घेणाऱ्यांनी एवढं कराच: पहिली गोळी झाडायच्या आधी पूर्ण उतरवून धुऊन काढा. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात जाड तेल नको. पारा 45च्या वर गेला की ते वाहतं आणि सगळी धूळ धरून बसतं.

महालची नात

माझ्याकडे आजोबांचं कोल्ट 1903 आहे, .32चं, 8 राउंडचं. घोडा (हॅमर) स्लाइडच्या आत झाकलेला, मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी (मूठ घट्ट धरली तरच चाप लागतो). वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं की वारसाच्या नावे करता येतं, अशी सोय 2016च्या शस्त्र नियमांत आहे. त्यानुसार आजोबांनी हयातीतच ते माझ्याकडे दिलं. (अर्थात परवाना मला माझा स्वतःचा काढावा लागला, चौकशीसकट.)

पिस्तूल उत्तम चालतं, पण मूळ मॅगझिन एकच. दुसरं एका ठिकाणाहून बनवून आणलेलं होतं, दिसायला हुबेहूब. ते लावलं की काडतुसाचं नाक चेंबरच्या खालच्या उतारावर जाऊन थडकायचं. दोन्ही मॅगझिन उजेडात शेजारी धरली तेव्हा दिसलं की नकलेचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) किंचित जास्त मिटलेले आहेत, त्यामुळे काडतूस नाक खाली करून बसत होतं. ते मॅगझिन बाद केलं.

आणखी एक. 7.65चं काडतूस पूर्ण बिनकाठाचं नसतं. तळाची कडा अंगापेक्षा जराशी बाहेर असते. भरताना वरच्याची कडा खालच्याच्या मागे गेली तर दोघं एकमेकांत गुंततात आणि वरचं पुढे सरकतच नाही. ही अडचण हलवून, ठोकून सुटत नाही, मॅगझिन काढून रिकामं करावं लागतं. म्हणून भरताना प्रत्येक वेळी बाजूनं बघायचं: वरची कडा पुढे, खालची मागे.

कामठीकर, निवृत्त

नोकरीत 9 एमएम 1ए वापरलं. ब्राउनिंगचं हाय-पॉवर, इशापूरला बनलेलं, 13 राउंडचं. नात जे सांगून राहिली ते शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे पिस्तूल ज्याच्या त्याच्या नावावर असायचं, मॅगझिन मात्र एकत्र ठेवलेली. आज एकाचं अडायचं, उद्या दुसऱ्याचं, आणि सगळे पिस्तुलालाच शिव्या घालायचे. मग प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला रंगानं नंबर टाकला आणि अडलं की नंबर लिहायला सुरुवात केली. वहीत तेच ते नंबर पुन्हा पुन्हा यायला लागले. ती मॅगझिन बाजूला काढल्यावर पिस्तुलं शहाण्यासारखी चालली. तुमच्याकडे दोनच मॅगझिन असली तरी नंबर टाका. कायम भरून ठेवू नका, स्प्रिंग बसते.

सुरक्षेचं एक सांगतो, हे धाग्याच्या विषयाइतकंच महत्त्वाचं आहे. 1ए चं मॅगझिन काढलं की ट्रिगर लागत नाही. त्यामुळे मॅगझिन काढलं म्हणजे हत्यार खाली (रिकामं), ही सवय पोरांना लागते. चेंबरमधला राउंड तिथेच असतो. पुढे दुसरं पिस्तूल हाती येतं, ज्यात ही सोय नसते, आणि अपघात होतो. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून बघा. दरवेळी, कोणी तुमच्यासमोर खाली करून दिलं तरीही.

धातुवाला

कामठीकर साहेब, स्प्रिंगच्या बाबतीत थोडा वेगळा विचार मांडतो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी बसत नाही. ती थकते वारंवार दाबून-सोडून. जुन्या मॅगझिनच्या स्प्रिंगा खराब निघतात कारण त्यांचं पोलाद नि त्याला पाणी देणं (तापवून कडक करणं) तितकं चांगलं नव्हतं, आणि गंज. उंची मोजून ठेवा आणि नव्या स्प्रिंगशी ताडून बघा, म्हणजे अंदाज राहत नाही. नंबर टाकायची तुमची पद्धत मात्र कारखान्यातही हीच असते.

काटोल रोड

मी तं रिव्हॉल्वरवालाच आहो. कानपूरची .32. वावरात रात्री जावं लागते, रानडुकरं हायेत, माणसंही हायेत. पिस्तुलात गोळी मिस झाली की स्लाइड ओढा, बाहेर पाडा, तवा पुढची. रिव्हॉल्वरात चाप पुन्हा दाबला की चक्कर फिरते, पुढची गोळी समोर येते. अंधारात दोन हाताची कसरत मले जमत नाही, एका हातात बॅटरी असते. ज्याले नेमानं रेंजवर जाणं होत नाही त्यानं पिस्तूल घेऊच नये, असं माह्यं स्पष्ट मत हाय.

पंचवीस मीटर

मी .22 स्पोर्ट पिस्तूल मारते, त्यामुळे माझा अनुभव घरच्या पिस्तुलापेक्षा वेगळा, पण अडण्याचा अनुभव मला तुम्हा सगळ्यांहून जास्त आहे! .22 रिमफायर, म्हणजे बारूद पेटवणारा मसाला केसच्या कडेत भरलेला. कडेच्या एखाद्या जागी तो कमी पडला आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारा खिळा) नेमकी तिथेच बसली, तर गोळी उडत नाही. यात पिस्तुलाचा काही दोष नसतो. शिवाय गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा थर असतो, तो चेंबरच्या तोंडाशी साचत जातो.

25 मीटरच्या रॅपिड फेरीत लाल दिवा 7 सेकंद, हिरवा 3 सेकंद. त्या 3 सेकंदांत हात वर येऊन एक गोळी गेलीच पाहिजे. तेव्हा स्लाइड अर्ध्यात थांबली की पोटात गोळा येतो. नियम असा की नळी लक्ष्याकडेच ठेवायची, पिस्तूल उघडायचं नाही, हात वर करून पंचाला बोलवायचं. आपण हात घातला की तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही. टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला होता, जगात पहिल्या रांगेतल्या खेळाडूचं हत्यार, रोज निगा असलेलं. पॅरिसला 2024 मध्ये तिनं दोन ब्राँझ आणली ती त्याच खेळात. त्यामुळे बिघडणारच नाही असं पिस्तूल कोणी विकत असेल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

माझ्यापुरता उपाय: काडतुसांचा एक लॉट पिस्तुलाला जुळला की स्पर्धेसाठी तोच राखून ठेवायचा, आणि मॅगझिन कधीही काँक्रीटवर पडू द्यायचं नाही. ओठ एकदा वाकले की ते पूर्वीसारखे होत नाहीत.

धरमपेठची काकू

बायकांना स्लाइड ओढवत नाही, तुम्ही रिव्हॉल्वरच घ्या, असं मला दुकानात ऐकवलं गेलं. .32 पिस्तुलात बहुधा स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावरच सगळा धक्का पेलायचा असतो, म्हणून ती स्प्रिंग खरंच कडक असते. पण प्रशिक्षक मॅडमनी पद्धत दाखवली: पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, नळी लक्ष्याच्या दिशेला, स्लाइडचा मागचा भाग डाव्या तळव्यात घट्ट धरायचा आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. पूर्ण मागे जाऊ द्यायची आणि एकदम सोडायची. हळूच हातानं पुढे आणून सोडली तर काडतूस अर्धवट बसतं, आणि लोक म्हणतात पिस्तूल खराब.

सदरवाला

2024 मध्ये एप्रिलात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. दोन्ही वेळा आचारसंहितेत पिस्तूल जमा. दुसऱ्यांदा परत मिळालं तेव्हा स्लाइडवर चामडी पाकिटाच्या शिवणीची रेघ गंजानं उमटलेली. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेल्या क्षारांचाही त्रास होतो. जमा करताना पाकीट घरी ठेवा. तेलाचा हात मारून सुती कापडात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या.

इतवारीकर

एक विचारायचं राहिलं. चाप दाबला आणि नुसता टक आवाज आला, तर लगेच स्लाइड ओढायची का?

धागाकर्ता

रेंजवर असाल तर नाही. नळी लक्ष्याकडेच धरून किमान 30 सेकंद थांबा. क्वचित मसाला उशिरा पेटतो आणि तोवर काडतूस हातात आलेलं असतं. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढून राउंड बाहेर पाडा आणि त्याच्या बुडावरची खूण बघा. खोल, मधोमध खूण असेल तर काडतूस वाईट. हलकी किंवा बाजूला असेल तर पिनची वाट घाण झाली आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाऊसकडेच न्या, लेथवाल्याकडून स्प्रिंग वळवून घेऊ नका. आणि झाडण्याचा आवाज आला पण नेहमीपेक्षा मऊ, तर पुढची गोळी मुळीच नको. गोळी नळीत अडकलेली असू शकते. खाली करून, उतरवून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते आधी पाहा.