तरस कुत्र्यासारखे दिसते, मग ते मार्जारकुळांच्या बाजूला कसे?

माळरानी (प्रश्न)
पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील माळरानांवर आढळणारे पट्टेरी तरस पाहिले, की ते कुत्र्याच्या कुळातले असावे असेच वाटते. लांबट मुस्कट, आत ओढता न येणाऱ्या नख्या आणि तासन्‌तास चालत राहण्याची क्षमता, यांपैकी काहीही मांजराची आठवण करून देत नाही. तरीही प्राणिशास्त्रात त्याचा समावेश मार्जारसम उपगणात केला जातो. या वर्गीकरणाला कोणता आधार आहे, आणि कुत्र्याशी असलेले साम्य मग कोठून आले?

अश्मक
मुख्य आधार दोन आहेत. पहिला कवटीत सापडतो: मध्यकर्णाला वेढणारी हाडाची फुगीर कुपी मार्जारसम प्राण्यांत सहसा दुपदरी पडद्याने दोन कप्प्यांत विभागलेली असते आणि कुत्र्या-लांडग्यांत तशी नसते. दुसरा आधार डीएनएचा असून तो अधिक निर्णायक आहे. त्यानुसार तरसाचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे मुंगूस आणि मादागास्करमधील फोसासारखे मांसभक्षक. मांजरे त्यांच्यापेक्षा दूरची आहेत. म्हणजे तरस हे मांजर नव्हे, तर मांजर, मुंगूस आणि उदमांजर ज्या मोठ्या शाखेत येतात तिच्यातील एक स्वतंत्र कुळ आहे.

साम्याचे उत्तर जीवाश्मांत आहे. मायोसीन कालखंडातील (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) आरंभीची तरसे उदमांजराच्या बांध्याची, लहान चणीची होती. पुढे त्यांच्यातून लांब पायांचे, पाठलाग करून शिकार करणारे अनेक प्रकार युरेशियात आणि आफ्रिकेत पसरले. त्या काळी कुत्र्यांचे कूळ मुख्यतः उत्तर अमेरिकेतच नांदत होते, त्यामुळे मोकळ्या प्रदेशात दौडणाऱ्या शिकाऱ्याची जागा इकडे तरसांनी घेतली, आणि सारख्या जीवनक्रमामुळे दोन दूरच्या कुळांचे बांधे सारखे झाले. आज तरसांच्या केवळ चार जाती उरल्या आहेत. जीवाश्मरूपात मात्र कित्येक डझन नोंदल्या गेल्या आहेत.

दख्खनचा_वाचक
वरील विवेचनाला थोडी पुस्ती जोडतो. मायोसीनच्या अखेरीस कुत्र्यांचे पूर्वज अमेरिका आणि आशिया यांना तेव्हा जोडणाऱ्या बेरिंगच्या भूसेतूवरून युरेशियात आले आणि साधारण त्याच सुमारास श्वानसदृश तरसे ओसरली. यावरून कुत्र्यांनी त्यांना हटवले असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, पण मला तो घाईचा वाटतो, कारण हवामान आणि गवताळ प्रदेशही त्याच काळात झपाट्याने बदलत होते.

शिवाय एका तरसाने उलटा प्रवास केला होता. कॅस्मापोर्थेटिस हे वेगवान तरस अमेरिकेत पोहोचले आणि त्याचे जीवाश्म ॲरिझोनापासून मेक्सिकोपर्यंत मिळाले. ते उत्तरेकडून गेले असणार हा अंदाज जुनाच होता, मात्र वाटेवरचा पुरावा नव्हता. कॅनडातील युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो येथे 1970च्या दशकात सापडलेले दोन दात संग्रहालयात पडून होते. ते याच तरसाचे असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती उणीव भरून निघाली.

टिकून राहिली ती प्रामुख्याने हाडे फोडणारी तरसे. त्यांच्या उपदाढा जाड व शंकूसारख्या असतात, एनॅमलची अंतर्गत वीण नागमोडी असल्यामुळे दात सहजासहजी तडकत नाहीत, आणि कपाळाचा घुमटाकार भाग चावण्याचा ताण कवटीभर पसरवतो. वाळलेली विष्ठा पांढरी दिसते ती पचलेल्या हाडांतील कॅल्शियममुळे.

माळरानी
आभारी आहे. माद्यांचे वर्चस्व आणि नरासारखे बाह्यांग, याविषयी जे ऐकू येते ते आपल्याकडील तरसालाही लागू होते का?

अश्मक
नाही, ती वैशिष्ट्ये केवळ आफ्रिकेतील ठिपकेवाल्या तरसाची आहेत. त्या मादीची शिश्निका नराच्या लिंगाएवढी वाढलेली असते, योनीचे स्वतंत्र बाह्यद्वार नसते, आणि मूत्रविसर्जन, समागम व प्रसूती हे सर्व त्याच मार्गाने होते. पहिल्या वितीच्या वेळी हा अरुंद मार्ग फाटतो आणि पुष्कळ पिल्ले दगावतात. एवढी किंमत मोजावी लागणारी रचना टिकली कशी, हा उत्क्रांतीच्या दृष्टीने खरा कठीण प्रश्न आहे.

गर्भार मादीच्या अंडाशयातील संप्रेरकाचे वारेत टेस्टोस्टेरॉन हे पुंसंप्रेरक (नर-संप्रेरक) बनते, आणि त्यानेच हे घडते असे प्रथम मानले गेले. परंतु कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पाळलेल्या गर्भार माद्यांना पुंसंप्रेरकविरोधी औषधे दिल्यानंतरही मादी पिल्लांत ही रचना तयार झालीच, फक्त तिच्या आकारात फरक पडला. त्यामुळे संप्रेरके हे संपूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही.

सामाजिक बाबतीतही अंतर मोठे आहे. ठिपकेवाल्यांच्या टोळीत दर्जा आईकडून मिळतो आणि बाहेरून आलेले नर तळाशी राहतात. हान्स क्रूक यांनी 1960च्या दशकात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो येथे केलेल्या निरीक्षणांतून असेही दिसले, की ही तरसे बहुतांश अन्न स्वतः शिकार करून मिळवतात आणि न्गोरोंगोरोत तर अनेकदा सिंहच त्यांची शिकार बळकावतात. पट्टेरी तरस मात्र बहुधा एकट्याने फिरते, मृत जनावरे, लहान प्राणी आणि फळे खाते व फारसा आवाज करत नाही. ते प्रसिद्ध ‘हास्य’ ठिपकेवाल्याचे आहे.