निरोगी प्रौढांचा दमसास मोजायचा आहे: मैदानी चाचणी कोणती घ्यावी आणि तुलना कोणत्या तक्त्याशी करावी?

दमसास_४००:

नमस्कार. विदर्भातल्या एका महाविद्यालयातले शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, बाया-पुरुष मिळून ८० जण, वय २५ ते ५९. यांची हृदय-श्वसन क्षमता मोजायची आहे. कोणालाही हृदयविकार किंवा मधुमेह नाही. उपचारासाठी मोजायचे नाही. बसून काम करणाऱ्या निरोगी माणसांचा व्हीओटू मॅक्स (जीव तोडून श्रम करताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरते तो आकडा) या वयात साधारण किती असतो, एवढेच हवे आहे.

हाताशी ४०० मीटरचे मातीचे मैदान, नाडी दाखवणारे छातीचे सहा पट्टे आणि वजनकाटा आहे. ठोकळे लागले तर सुतार करून देईल. शिवाय २० जणांची शहरातल्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर, श्वासातले वायू मोजून, पूर्ण चाचणी होऊ शकते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कूपरची १२ मिनिटांची धाव, क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट आणि रॉकपोर्टची एक मैल चाल यांपैकी कोणती घ्यावी? तुलनेसाठी कोणता तक्ता धरावा? आणि प्रयोगशाळेतल्या २० जणांचा उपयोग नेमका कसा करून घ्यावा?

मैदानी_मास्तर:

या गटासाठी रॉकपोर्ट चाल घ्या, दुसरा विचार नको.

कूपरचे सूत्र सोपे आहे: मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ ने भागा. पण १२ मिनिटे जीव तोडून पळायची सवय लागते. पन्नाशीतला माणूस पहिल्या फेरीत सुसाट सुटतो आणि पाचव्या मिनिटाला चालायला लागतो. मग मोजला जातो तो वेगाचा अंदाज, दमसास नव्हे. पळणे सुटलेल्या माणसाला असे एकदम पळवणे सुरक्षितही नाही.

क्वीन्स कॉलेजची पायरी ४१.३ सेंमी उंच असते. तीन मिनिटे, पुरुषांनी मिनिटाला २४ आणि स्त्रियांनी २२ वेळा चढ-उतार, म्हणजे मेट्रोनोम (ताल देणारे यंत्र) ९६ आणि ८८ वर. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत ठोके मोजून चौपट करायचे. पुरुषांसाठी १११.३३ − (०.४२ × नाडी), स्त्रियांसाठी ६५.८१ − (०.१८४७ × नाडी). ही चाचणी कॉलेजवयीन मुलामुलींवर बेतलेली आहे. पाच फुटांच्या आतल्या बाईला ४१ सेंमीची पायरी फार उंच पडते, गुडघा काटकोनाच्या वर जातो आणि दम लागण्याआधी मांड्या भरून येतात. सूत्रात वय नाही, वजनही नाही. हाताने मोजताना १५ सेकंदांत एक ठोका चुकला की पुरुषांच्या उत्तरात १.७ चा फरक पडतो.

रॉकपोर्टचे सूत्र १९८७ साली ३० ते ६९ वयाच्या स्त्री-पुरुषांवर बसवले गेले. तुमचे बहुतेक लोक त्यात बसतात. तिशीच्या आतल्यांचे आकडे वेगळे लिहून ठेवा.

व्हीओटू मॅक्स = १३२.८५३ − (०.०७६९ × वजन पौंडात) − (०.३८७७ × वय) + (६.३१५, फक्त पुरुषांसाठी) − (३.२६४९ × वेळ मिनिटांत) − (०.१५६५ × शेवटची नाडी)

उदाहरण: बाई, वय ४२, वजन ६२ किलो म्हणजे १३६.७ पौंड, वेळ १७ मिनिटे ३० सेकंद, नाडी १३२. उत्तर २८.३ मिली/किलो/मिनिट.

सगळ्यात मोठी चूक वजनात होते. सूत्रात पौंडांऐवजी किलो टाकले तर याच बाईंचे उत्तर ३४.० येते. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. वेळही १७.३० अशी भरू नका, १७.५ भरा.

एक मैल म्हणजे १६०९ मीटर. ४०० मीटरच्या चार फेऱ्या आणि वर ९ मीटर, म्हणून सुरुवातीची रेघ शेवटच्या रेघेच्या ९ मीटर मागे मारा. सगळ्यांनी पहिल्याच लेनमध्ये चालायचे. प्रमाणित ट्रॅकवर तिसऱ्या लेनची फेरी जवळजवळ १५ मीटरने जास्त असते. चार फेऱ्यांत ५९ मीटर वाढतात आणि वरच्या बाईंचा आकडा दोनाने घसरतो. मातीचे मैदान बहुधा अंदाजाने आखलेले असते, तेव्हा आतल्या कडेने टेप लावून स्वतः मोजा. चुन्याच्या रेघेवर भरवसा ठेवू नका.

सहा पट्टे आहेत, तर एका वेळी सहाच जण सोडा, दीड-दीड मिनिटाच्या अंतराने. घोळक्याने सोडले की गप्पा सुरू होतात आणि सगळे एकाच चालीने चालतात. सूचना एकच: पळायचे नाही, पण यापेक्षा जोरात चालता येणार नाही इतक्या जोरात चाला. शेवटची नाडी रेघ ओलांडतानाच वाचून लिहा. अर्ध्या मिनिटाने वाचली तर ती उतरलेली असते आणि माणूस आहे त्याहून तंदुरुस्त दिसतो. छातीच्या पट्ट्याची कातडीला टेकणारी बाजू पाण्याने ओली केल्याशिवाय पट्टा लावू नका. कोरड्या कातडीवर पहिली चार-पाच मिनिटे वाटेल ते आकडे येतात.

आणि प्रत्येकाला आधी एकदा सराव म्हणून चालवा. पहिल्या वेळी बहुतेक लोक हात राखून चालतात.

वायुमापन:

मास्तरांशी सहमत. प्रयोगशाळेबद्दल मी लिहितो.

थेट ब्रूस प्रोटोकॉल (ट्रेडमिलचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवायची एक ठरलेली पद्धत) लावू नका. तो १९६३ पासून हृदयरुग्णांच्या तपासणीत रुळलेला आहे. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही एकदम वाढतात: २.७ किमी/तास आणि १० टक्के चढ, मग ४.० आणि १२ टक्के, मग ५.५ आणि १४ टक्के. बैठे काम करणाऱ्याच्या पोटऱ्या तिसऱ्या टप्प्यात भरून येतात आणि दम शिल्लक असताना तो थांबतो. त्यापेक्षा बाल्क या दुसऱ्या पद्धतीच्या धर्तीवर वेग ५.३ किमी/तास कायम ठेवा, दुसऱ्या मिनिटाला चढ २ टक्के आणि पुढे दर मिनिटाला १ टक्का वाढवा. चाचणी ८ ते १२ मिनिटांत संपायला हवी. लांबत असेल तर त्या माणसासाठी वेग वाढवा. ट्रेडमिलवर कधीच न चढलेल्यांना आधी दहा मिनिटे नुसते चालू द्या. दांडी धरू देऊ नका. वायू मोजत असाल तर दांडी धरल्याने चाचणी उगाच लांबते, आणि वेग-चढावरून अंदाज काढत असाल तर आकडा फुगतो.

प्रत्येक माणसाआधी यंत्र कॅलिब्रेट करा, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी जुळवून घ्या: ३ लिटरच्या सिरिंजने आकारमान, बाहेरच्या हवेने २०.९३ टक्के ऑक्सिजन, सिलिंडरच्या वायूने १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मग मास्कची गळती बघा. तोंडापुढचे भोक तळहाताने बंद करून फुंकायला सांगा आणि कडेने बोट फिरवा. दाढी आणि नाकातली चमकी, गळती बहुतेक याच दोन जागी असते. हवा निसटली की व्हीओटू (ऑक्सिजनचा वापर) कमी दिसतो, आणि यंत्र काहीच इशारा देत नाही.

यंत्र खरे बोलते आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. सपाटीवर ५.३ किमी/तास म्हणजे मिनिटाला ८८ मीटर. चालण्याचे नेहमीचे समीकरण ०.१ × वेग + ३.५ असे आहे, म्हणून चार मिनिटे स्थिर चालल्यावर १२.३ च्या आसपास आकडा यायला हवा. ९ किंवा १६ येत असेल तर त्या दिवशी पुढची चाचणी घेऊ नका, आधी कॅलिब्रेशन पुन्हा करा.

कमाल गाठली का, हे ठरवताना कमाल नाडीच्या ‘२२० वजा वय’ या सूत्राला चिकटू नका. ५९ वर्षांच्या माणसाला त्याने १६१ येतात, तानाकांच्या सूत्राने (२०८ − ०.७ × वय) १६७, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो. अमुक नाडी आली म्हणून चाचणी थांबवली, तर मोजलेला आकडा कमालीचा नसतो. सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन हे गुणोत्तर १.१० च्या वर गेले का ते पाहा. किती दमलो हे आकड्यात सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर माणूस १७ किंवा जास्त सांगतो का ते विचारा. भार वाढूनही व्हीओटू मिनिटाला १५० मिलीहून कमी वाढला, तर उत्तमच. पण हा सपाट भाग पुष्कळ निरोगी लोकांत दिसतच नाही, तेवढ्यावरून चाचणी बाद करू नका. शेवटचा आकडा ३० सेकंदांच्या सरासरीचा घ्या. श्वासागणिक आकड्यांतला सर्वांत मोठा उचलला तर तो निव्वळ गोंगाट असतो.

आकडेमोड:

तक्त्याबद्दल. सध्या जास्त वापरला जातो तो अमेरिकेच्या फ्रेंड नोंदवहीचा. २०१५ साली आलेला तिचा ट्रेडमिल तक्ता ७,७८३ कमाल चाचण्यांवर उभा आहे आणि त्यातले व्हीओटू अंदाजाचे नाहीत, मोजलेले आहेत. मध्यक असे:

पुरुष, विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या दशकांत: ४८.०, ४२.४, ३७.८, ३२.६
स्त्रिया, त्याच क्रमाने: ३७.६, ३०.२, २६.७, २३.४

मास्तरांच्या उदाहरणातल्या बाई २८.३ ला म्हणजे आपल्या दशकाच्या मध्यकाच्या जरा वर.

आता नॉर्वेच्या हुंट पाहणीत विशीतल्या निरोगी पुरुषांची सरासरी ५४.४ आणि स्त्रियांची ४३.० आहे. दोन्हीकडे ट्रेडमिल, दोन्हीकडे वायू मोजलेले, तरी पुरुषांत सहाचे अंतर. म्हणून अहवालात ‘साधारण’ लिहिताना कोणाच्या मानाने ते त्याच ओळीत लिहा. सायकलवर मोजलेला तक्ता तर अजिबात घेऊ नका. त्याच माणसाचा आकडा सायकलवर १० ते २० टक्के कमी येतो.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो आठवा. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. समजा अशा शरीरांच्या दोन माणसांत चरबीरहित वजनाच्या दर किलोमागे ऑक्सिजनचा कमाल वापर ५५ मिली असा अगदी सारखा आहे. एकूण वजनाने भागले की पहिल्याला ५० मिळतात, दुसऱ्याला ४३. स्नायू आणि हृदय तेच, फरक भागाकाराचा. तेव्हा प्रयोगशाळेतल्या २० जणांची चरबी मोजून आकडे तिन्ही प्रकारे द्या: लिटर/मिनिट, दर किलो, दर चरबीरहित किलो.

ते २० जण निवडताना ‘कोण येतो?’ असे विचारू नका. हात वर करणारे बहुतेक रोज सकाळी फिरायला जाणारे असतात. आधी सगळ्या ८० जणांची चाल घ्या. मग स्त्री आणि पुरुष वेगळे करून जोरात, मध्यम आणि सावकाश चालणाऱ्यांतून चिठ्ठ्या काढा. दोन चाचण्यांत दोन ते सात दिवसांचे अंतर ठेवा. नुसता सहसंबंध काढून थांबू नका. रॉकपोर्ट प्रत्येकाला पाचने जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध ०.९ येऊ शकतो. प्रत्येकाचा ‘चालीचा आकडा वजा मोजलेला आकडा’ हा फरक काढा, फरकांची सरासरी घ्या, विचलन घ्या. सरासरी शून्यापासून दूर असेल तर उरलेल्या ६० जणांचे आकडे तेवढ्याने सुधारा. ही दुरुस्ती माणसे वाढवून होत नाही.

मूळ सूत्राची प्रमाण त्रुटी ५ मिली/किलो/मिनिट आहे. म्हणजे २८ आलेल्या बाईंचा खरा आकडा १८ ते ३८ मध्ये कुठेही असू शकतो. गटासाठी हे चालते, पण एकेकाला ‘तुम्ही कमी’, ‘तुम्ही उत्तम’ असे शिक्के वाटू नका. आणि ८० जणांचे चार वयोगट गुणिले दोन केले की एका खान्यात दहा जण उरतात, त्यावर शतमके (पर्सेंटाइल) काढायची नसतात. वयाबरोबर उतरणारी एक रेषा पुरुषांसाठी आणि एक स्त्रियांसाठी बसवा.

दमसास_४००:

तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या. काही जण रक्तदाबाची गोळी घेतात, त्यांना वगळायचे का? आणि काहींच्या मनगटी घड्याळात व्हीओटू मॅक्स येतोच, तो नोंदवावा का?

मैदानी_मास्तर:

गोळीचे नाव विचारा. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी बीटा ब्लॉकर असेल तर नाडी दबलेली राहते आणि सूत्र त्या माणसाला फुकटचे गुण देते, म्हणून चालीतून वगळा. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर चालेल. पण गोळी कोणतीही असो, डॉक्टरांनी ‘जोरात चालायला हरकत नाही’ असे सांगितलेले हवे. सकाळी बसून मोजलेला दाब १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी चालवू नका.

नाडी वाढवणाऱ्या गोष्टींची यादी आदल्या दिवशीच द्या: तीन तास आधीपासून चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही. मिश्रीचा प्रश्न बायकांना वेगळा विचारा. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई सकाळी मिश्री लावून आलेली असू शकते. संकष्टी आणि एकादशी टाळून तारखा ठरवा. विदर्भात मार्च उजाडल्यावर तर सहाला सुरुवात करून साडेसातला आवरा. ऊन चढले की त्याच चालीला नाडी वाढते आणि उशिरा आलेले सगळे कमकुवत दिसतात.

वायुमापन:

घड्याळाचा आकडा वेगळ्या रकान्यात नोंदवा, सरासरीत मिसळू नका. घड्याळ वेग आणि नाडी यांच्या नात्यावरून अंदाज करते आणि त्यात कमाल नाडी बहुधा वयावरूनच धरलेली असते. ती चुकली की आकडा चुकतो. मनगटावरची नाडीही जोरात हात हलवताना कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडते.

आणखी एक, जमल्यास सगळ्यांचे हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहणारेच कमी असेल तर हृदय-फुप्फुसे धड असूनही व्हीओटू मॅक्स खाली येतो. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली असणाऱ्यांना ‘निरोगी’ गटातून काढू नका, पण त्यांचा निकाल वेगळा मांडा, आणि अहवाल यायच्या आधीच त्यांना डॉक्टरांकडे पाठवा.