थायरॉइडची गोळी, चहा आणि कॅल्शियम: वेळा जमवायच्या कशा? (मदत हवी आहे)

आईचं वय ६३. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेते. आधी ५० मायक्रोग्रॅम होती. सहा महिन्यांपूर्वी टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की वाढतो) ७.८ आला, म्हणून डॉक्टरांनी ७५ केली. परवाचा रिपोर्ट: ८.४! गोळी एकदाही चुकलेली नाही, रिकामी पाकिटं मी स्वतः मोजली.

मग दोन दिवस तिच्या मागे बसून नुसतं बघितलं. उठल्या उठल्या गोळी घेते खरी, पण पाण्याचा घोट आणि लगेच दुधाचा चहा. अर्ध्या तासात नाश्ता, त्यावर कॅल्शियम कार्बोनेट आणि लोहाची गोळी, दोन्ही एकदम. "सगळं एका दमात उरकलं की विसरायला होत नाही," हे तिचं म्हणणं. केस गळतात म्हणून शेजारणीने सुचवलेलं बायोटिन हे व्हिटॅमिनही चालू आहे, ते मला याच निमित्ताने कळलं. शिवाय रात्री कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन. त्याच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट (संत्र्याच्याच जातकुळीतलं फळ) टाळा असं लिहिलंय, म्हणून तिने संत्रंही सोडलं.

डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, आईने सांगितलं नाही. डोस पुन्हा वाढवण्याआधी वेळा बदलून बघाव्यात का? कुणी हे घरी जमवलंय का?

प्रतिसाद १
माझे वडील वर्षानुवर्षं चहाबरोबरच घेतात, काही बिघडलं नाही. उगाच काळजी करताय.

प्रतिसाद २
वरच्यांचे वडील रोज तसंच घेत असतील तर त्यांचा डोसही त्या हिशेबानेच ठरलेला असणार. इथे आकडा हलत नाहीये, हा फरक आहे.

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मला पहिला संशय कॅल्शियम आणि लोहावर येतो. ही दोन्ही खनिजं आतड्यातच लेव्होथायरॉक्सिनला धरून बसतात, मग ते रक्तात पोचतच नाही. दोन्हींपासून चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफी आणि नाश्ता गोळीनंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबून. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं असतं, म्हणून ते दुपारच्या जेवणात टाका. लोह त्याच्याबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच. संध्याकाळी वेगळं द्या. सकाळी चहा सुटत नसेल तर थायरॉइडची गोळी झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. मात्र तेव्हाही लोह चार तास आधी पोटात गेलेलं हवं.

आता बायोटिन. ते गोळी अडवत नाही, तपासणीला फसवतं. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ८.४ हा आकडा खरा आहे की त्याहून वर आहे, कोण जाणे. पुढच्या वेळी रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा.

डॉक्टरांना हे सगळं सांगितल्याशिवाय वेळा बदलू नका. गोळी नीट शोषली जायला लागली की हाच ७५ चा डोस जास्त होऊ शकतो. या वयात जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडंही झिजतात. बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचा, त्याआधी केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

प्रतिसाद ३
संत्र्याचं राहिलं. नेहमीचं गोड संत्रं खुशाल खाऊ द्या. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांतली द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइमच निकामी करतात, त्यामुळे अ‍ॅटोर्वास्टॅटिन रक्तात जास्त चढतं. तिथे दोन-चार तासांचं अंतर कामाचं नाही, नवं एन्झाइम तयार व्हायला दिवस लागतात. गंमत म्हणजे हे सापडलं अपघातानेच. कॅनडातले संशोधक रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं निघालं. १९८९ साली ते छापून आलं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. संत्र्यावर खूश झाली, चहावर नाही. "तासभर चहा नाही? मग रात्रीच घेते ती गोळी." शुक्रवारी डॉक्टरांकडे सगळी पाकिटं पिशवीत घालून नेतेय, बायोटिनची बाटलीसुद्धा. ते काय म्हणतात ते इथे लिहीन.